घर विकून निघताना

कार्तिकी करून परतलो तो एका माळकरी गृहस्थांचे पत्र येऊन पडले होते. गृहस्थ जुने वारकरी आहेत, आषाढी सहसा चुकवीत नाहीत. ते लिहितात, “वडिलार्जित घर विकले. खरेदीखत झाले, पैसे पदरात पडले. पंधरा दिवसांनी ताबा द्यावयाचा आहे. सौ.चा हट्ट असा की घर झाडून, सारवून, उंबऱ्याला हळदकुंकू वाहून द्यायचे. थोरला मुलगा म्हणतो, घेणारा महिन्याभरात पोकलँड आणून घर पाडणार. पाडायच्या घराला सारवण कशाला? शिवाय भावात त्याने आपल्याला अडवलं, आता त्याचा केर त्यानं काढावा. मायलेकांचे बोलणे बंद आहे. विकलेले घर किती स्वच्छ करून द्यावे, ते आपण सांगावे.”

प्रश्न वरवर पाहता केरसुणीचा आहे. अशा प्रश्नाला या पानांत जागा द्यावी काय, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, जरूर द्यावी. ज्या घरात मायलेकांचे बोलणे थांबले आहे तेथे प्रश्न नुसत्या केराचा राहिलेला नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण चिरंजीवांच्या मनात तेच असणार. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आजही लागू आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल तर विकणाऱ्याने काय करावे हे त्याच्या ५५ व्या कलमात सांगितले आहे. घरातला जो मोठा दोष आपल्याला ठाऊक आहे, पण घेणाऱ्याला साधारण चौकशीने कळण्यासारखा नाही, तो सांगावा. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत, समंजस मालक घेतो तशी घराची काळजी घ्यावी. विक्रीच्या दिवसापर्यंतची सरकारी देणी आणि पट्ट्या भराव्यात. आणि ताबा द्यावा. त्याच कायद्याचे आठवे कलम असे की घराबरोबर त्याची कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तू घेणाऱ्याकडे जातात. केरसुणीचे नाव कोठेच नाही. म्हणजे चिरंजीव म्हणतील, पाहा, झाडून द्यायला आम्ही बांधील नाही! ठीक आहे. पण जे स्पष्ट लिहिले आहे ते तरी माणसे पाळतात काय? घर विकून निघताना दाराचे पितळी कोयंडे उपसून नेणारे, नळाच्या तोट्या काढून तेथे लाकडाच्या खुंट्या मारणारे, भिंतीतली दिव्याची बटणेसुद्धा न सोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. गळ्यात माळ आणि पिशवीत कोयंडा!

आता आपल्या घरचा कायदा पाहू. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे आली आहेत. त्यांत शौच म्हणजे शुचिता हे एक लक्षण आहे, आणि ते समजावताना माउलींनी कापराची उपमा दिली आहे. कापूर वरून पांढरा आणि आतून काळा, असे कधी नसते. फोडला तरी तो आत तसाच असतो. अंतरात मळ ठेवून वरून केलेल्या सजावटीला माउली किंमत देत नाहीत. घर सोडताना ही उपमा ध्यानात धरली तर दोन्ही बाजूंच्या चुका उघड दिसतात. एक चूक रागाने घाण ठेवून जाण्याची. दुसरी, घाण झाकून जाण्याची.

पहिलीबद्दल आमचीच गोष्ट सांगतो. वडिलांच्या मागे गावचे घर आम्ही भावाभावांनी विकले. घेणाऱ्याने ऐन वेळी ठरल्या किमतीतले काही रुपये कापले. आम्हांला पैशाची निकड होती, म्हणून मुकाट्याने घेतले, पण मनात अढी बसली. खालचे घर वहिनींनी झाडून काढले. माळ्यावर मात्र कोणी चढले नाही. आम्हीच म्हणालो, “राहू द्या. पैसे कापलेत ना, त्या पैशात उतरवून घेतील.” त्या माळ्यावर काय नव्हते! फुटके रांजण, गंजके डबे, उंदरांनी पोखरलेल्या गाद्या, औताची मोडकी लाकडे, आणि पिकावर मारायच्या औषधाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या.

दोन वर्षांनी सप्ताहाच्या निमित्ताने गावी गेलो. घेणाऱ्याची म्हातारी आई कीर्तनाला आली होती, तिने आग्रहाने चहाला नेले. आपल्याच जुन्या ओसरीवर पाहुणे म्हणून बसायचे, म्हणजे अवघड वाटते. म्हातारी सहज बोलून गेली, “माळा उतरायला चार दिस लागले बगा. दोन गडी लावले.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मग ती आत गेली आणि फडक्यात बांधलेले टाळ घेऊन आली. आमच्या वडिलांचे टाळ! “ह्ये गादीच्या गुंडाळीत घावले. दोरी कुजली व्हती, नवी घातली. तुमचं हाय, न्या.”

घर सोडण्यापूर्वी वहिनींनी दोनदा विचारले होते, “भावजी, मामंजींचे टाळ कुठं आहेत हो?” आम्ही उत्तर दिले होते की दिंडीतल्या कोणी नेले असतील. ज्या टाळांवर वडिलांनी उभा जन्म भजन केले ते आम्ही दुसऱ्याच्या अंगावर टाकलेल्या केरात सोडून आलो होतो. आणखी एक गोष्ट त्या माउलीने सांगितली नाही, ती मागाहून शेजाऱ्याकडून कळली. माळा उतरताना त्या औषधाची एक बाटली तिच्या नातवाच्या हाती गेली होती. बूच घट्ट होते म्हणून निभावले. कापलेल्या रुपयांचा हिशेब आम्ही तेव्हापासून कधी काढला नाही.

दुसरी चूक अधिक सभ्य दिसते, म्हणून अधिक घातक. भिंतीला ओल आहे, पावसाळ्यात कोपरा पाझरतो. विकायच्या आधी त्यावर चुन्याचे दोन हात मारायचे. वाळवीने खाल्लेल्या तुळईवर रंग फासायचा. गिऱ्हाईक म्हणते, काय लखलखीत घर ठेवलंय! ही स्वच्छता नव्हे. वर सांगितलेल्या ५५ व्या कलमालाही ती बाधते आणि कापराच्या उपमेलाही. ओल असेल तर ओल आहे म्हणून सांगावे, आणि भिंत जशी आहे तशी दाखवावी. त्यापायी दोन पैसे कमी आले तर येऊ द्यावेत. ज्या घरात हरिपाठ झाला त्या घराबद्दल शेवटचे बोलणे खोटे नसावे.

तेव्हा ‘किती’ याचे आमचे माप मुक्कामाचे आहे. वारीच्या वाटेवर यजमान आपल्याला एका रात्रीपुरती ओसरी देतो. पहाटे निघताना जाणता वारकरी काय करतो? वळकटी बांधतो, अंथरलेले गोणपाट झटकून घडी घालतो, चूल पाणी शिंपून विझवतो, राख एका बाजूला करतो, जागेवरून हात फिरवतो आणि यजमानाला नमस्कार करून निघतो. यजमानाची ओसरी तो रंगवून देत नाही, पण आपल्या मागे आपले काही ठेवतही नाही. सगळेच असे करतात असे मात्र म्हणवत नाही. पालखी पुढे गेल्यावर पत्रावळी आणि प्लास्टिकने भरलेली शेते आम्ही पाहिली आहेत, आणि त्या शेतकऱ्याच्या मनात काय येत असेल तेही समजू शकतो. पण एका रात्रीच्या ओसरीला जर हा नियम, तर चाळीस वर्षे ज्या छपराखाली काढली त्याला कमी कसा चालेल?

गाडगेबाबांची आठवण येथे येणारच. १९५६ साली बाबा गेले. ते गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ज्या गावांत त्यांचे घर नव्हते, दार नव्हते, ती त्यांनी झाडली. आपण निदान आपले स्वतःचे तरी झाडावे.

झाडण्याच्या आधी मोकळे करणे असते, आणि खरे काम तेच आहे. माळा, परसातली खोपी, जिन्याखालचा अंधारा कोपरा आधी उतरवावा. पुढची खोली शेवटी. विषारी औषधे, उंदरांचे औषध, दुखण्याच्या जुन्या गोळ्या, फुटकी काच हे आपल्या हाताने वेगळे करावे. केर आडात लोटण्याची फार वाईट खोड काही ठिकाणी आहे, ती करू नये. संडासाची टाकी भरली असेल तर मैला उपसणारी गाडी बोलावून रिकामी करून द्यावी. दोनशे रुपये वाचावेत म्हणून गरीब माणसाला टाकीत उतरवू नये. गुदमरून माणसे मेली आहेत, आणि साधनांशिवाय माणूस असा उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी ज्याच्या त्याच्यात पांडुरंग पाहणाऱ्याने ते केले नसते.

देव्हाऱ्याचे काय, हे पुष्कळांना कळत नाही. नव्या घरात नव्या तसबिरी येतात आणि जुन्या, ओल लागलेल्या, कोनाड्यातच राहतात. ‘देव आहे, टाकायचा कसा?’ म्हणून माणूस तो सोडून जातो आणि आपला पेच दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. घेणारा दुसऱ्या उपासनेचा असेल, दुसऱ्या धर्माचाही असेल. तो आपला देव पुजणार नाही आणि टाकायलाही धजणार नाही. तसबिरीची काच, चौकट आणि खिळे वेगळे करावेत. कागद भिजवून स्वच्छ जागी मातीत मिळवावा. फाटक्या पोथ्यांचे तसेच. इंद्रायणीत, चंद्रभागेत नेऊन सोडू नये. नद्यांना आधीच काय कमी झाले आहे! धातूच्या मूर्ती देवळात द्यायच्या तर पुजाऱ्याला विचारून द्याव्यात, अंधारात पारावर ठेवून येऊ नये. तुळशीचे वृंदावन बांधीव असेल तर ते राहू द्यावे. मंजिऱ्या खुडून बी बरोबर न्यावे, पावसाळ्यात रुजते.

आता एक शंका बायाबापड्यांची. माणूस गावाला निघाले की त्याच्या पाठीमागे लगेच केर काढू नये, आणि तिन्हीसांजेला केरसुणी हाती घेऊ नये, अशी आपल्याकडे रीत आहे. तिचा आधार घेऊन काहीजण घर तसेच टाकून निघतात. अहो, रीत पाठीमागे झाडू नये अशी आहे. आधी झाडायला कोणी मना केले आहे? सामान आदल्या दिवशी हलवावे, ताबा सकाळी द्यावा, आणि उजाडल्यावर शेवटचा केर काढून, भरून, बाहेर नेऊन मग किल्ल्या द्याव्यात. जनाबाईबरोबर देवाने झाडलोट केली असे आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. जुनी केरसुणी नव्या घरी न्यावी की नाही, यावर आमच्याकडे आणखी पत्रे येतील. लक्ष्मीपूजनाला आपण तिला कुंकू लावतो, म्हणून कोणाला ती सोडवत नाही. कोणी म्हणते जुनी नेऊच नये. आम्हांला यात काही अडचण दिसत नाही. सोडायची असेल तर झिजलेला बुडखा न सोडता बऱ्यापैकी केरसुणी कोपऱ्यात उभी ठेवावी. येणाऱ्याला पहिल्याच दिवशी लागते.

राहिला चिरंजीवांचा मुद्दा, की घर पाडायचे आहे. हा मुद्दा आम्ही हलका मानीत नाही. पाडायच्या घराला रंग नको, डागडुजी नको, फरशी घासायला नको. पण मोकळे करणे मात्र तेथेच अधिक गरजेचे आहे. त्या घरात पहिल्याने कोण शिरणार? ज्याने भावात अडवले तो नव्हे. कौले उतरवायला, वासे सोडवायला, दगड-विटा निवडायला मजूर शिरणार. त्यांत बाया असणार, बरोबर त्यांची लेकरे असणार. ढिगाऱ्यातली काच त्यांच्या पायात जाईल, बाटली त्यांच्या पोरांना सापडेल. घेणाऱ्यावरचा राग त्याच्यापर्यंत पोचतच नाही, वाटेत भलत्यालाच लागतो. म्हणून, बाळ, माळ्यावर तू चढ. आईला चढायला लावू नकोस. आजोबांचे काय काय निघते तेही पाहा, आणि जे निघेल ते खाली आणून आईला दाखव. बोलणे कदाचित तेथेच सुरू होईल.

आणि सारवण? ते घेणाऱ्यासाठी नाहीच. त्या माउलीने ज्या जमिनीवर रोज हात फिरवला तिच्यावर तिला आणखी एकदा हात फिरवायचा आहे. त्याला तासभर आणि पाटीभर शेण लागेल. सारवू द्यावे. चिरंजीवांनी पाणी आणून द्यावे.

किल्ल्यांना ज्या त्या दाराच्या नावाच्या चिठ्ठ्या बांधाव्यात. विजेच्या मीटरचा त्या दिवशीचा आकडा दोघांच्या समक्ष लिहून ठेवावा, पट्टीच्या पावत्या हाती द्याव्यात, कोणता नळ गळतो आणि मुख्य तोटी कोठे आहे ते दाखवावे. आडावरचा दोर आणि बादली काढून नेऊ नये; पाडणाऱ्या माणसांना पाणी लागेल.

रामकृष्णहरि.