ब्रेक लागणार नाही, असं धरूनच ट्रायल घ्या

गॅरेजमधली सगळ्यात धोक्याची गाडी कोणती? ब्रेक फेल झालेली नव्हे. तिला सगळेच भिऊन असतात, कुणी तिच्यापुढे उभं राहत नाही. खरी धोक्याची गाडी म्हणजे ब्रेकचं काम नुकतंच झालेली, पण ट्रायल न झालेली. मिस्त्रीच्या लेखी काम संपलेलं असतं, गिऱ्हाईक घाई करत असतं आणि समोर काम करणाऱ्या पोराला कुणी काही सांगितलेलं नसतं.

ते पोर एकदा मी होतो. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट. पुढच्या चाकांचे पॅड बदललेला टेम्पो बाहेर काढायचा होता. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे दाबावा लागतो, त्यामुळे सुरुवातीला पेडल पोकळ जातं. ते दाबून दाबून कडक झाल्यावरच गाडी हलवायची असते. त्या दिवशी स्टार्टर मारला आणि लगेच गिअर पडला. पेडल तळाला टेकलं. बंपर आणि वर्कबेंच यांच्यामध्ये माझी मांडी सापडली. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता, तरी हाड मोडलं.

पुढे याच लाइनीत राहिलो, फोरमन झालो. असे अपघात टाळायचे तर आधी जोखीम तपासावी लागते. पण जोखीम तपासणी म्हणजे मोठ्या कारखान्यांतली कागदं भरण्याची कटकट, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. मुळात ते चार प्रश्न आहेत. काय बिघडू शकतं? बिघडलं तर कोण सापडेल? ते टाळायला आत्ता काय करता येईल? आणि त्याची जबाबदारी कुणाची? ब्रेकच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे: ब्रेक लागणार नाही. तसं धरलं की पुढचं आपोआप सुचतं. गाडी थांबलीच नाही तर कुठे जाईल ते बघा आणि ती जागा आधी मोकळी करा.

ट्रायलची सुरुवात उभ्या गाडीपासून करा. चाकांना ठोकळे लावा. पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे. कारसारख्या व्हॅक्यूम बूस्टरच्या गाडीत इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. बूस्टर ठीक असेल तर पेडल किंचित खाली जातं. इंजिन बंद असलेली गाडी ढकलताना ब्रेक दाबायला होणारी बूस्टरची मदत लवकरच संपते, हे ढकलणाऱ्यांनी विसरू नये. त्यानंतर आवारातच रांगत्या वेगाने, हात हँडब्रेकवर ठेवून बघा. रस्त्यावर जायचं ते सगळ्यात शेवटी.

आणि रस्ता म्हणजे द्वारका नव्हे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड जिथे भेटतात, वर उड्डाणपूल आणि खाली रिक्षा, बस, ट्रक यांची झुंबड, तिथे “एक चक्कर मारून ये” म्हणणं म्हणजे आपली जोखीम काठे गल्लीतून येणाऱ्या शाळकरी पोराच्या गळ्यात घालणं. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. वेग २० वरून ४० झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने आरटीओत ब्रेक तपासणीसाठी २५० मीटरचा स्वतंत्र ट्रॅक असण्याचा आग्रह धरला, तो यासाठीच. आपल्याकडे ट्रॅक नसेल तर वर्दळ नसलेला सरळ, सपाट रस्ता आणि वेळ आधी ठरवून ठेवा. ट्रायल परवानाधारक माणसानेच घ्यावी. दोष माहीत असताना गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० खाली गुन्हा आहे.

रोलर टेस्टर असेल तर रोलर फिरत असताना गाडीच्या पुढे-मागे कुणी नको. ब्रेक जोरात धरला की गाडी रोलरवरून उसळून बाहेर येऊ शकते.

ट्रकची तऱ्हा निराळी. एअर ब्रेकच्या गाडीत हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो. टोइंगसाठी तो बोल्टने सोडवलेला असेल, तर त्या गाडीला हँडब्रेक उरलेलाच नाही असं समजा आणि ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरू नका. स्प्रिंग चेंबर तर नवख्याच्या हाती देऊच नये. आत शेकडो किलोंच्या जोराने दाबलेली स्प्रिंग असते. क्लॅम्प उघडला तर ती जीव घेऊ शकते.

ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवायची सवयही सोडा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याने होणारे फुप्फुसांचे आजार कैक वर्षांनी डोकं वर काढतात. ओल्या फडक्याने पुसायला वेळ जास्त लागत नाही.

मालकांना एवढंच सांगेन. ब्रेकचं काम झालेल्या गाडीची किल्ली स्टिअरिंगला लटकत ठेवू नका. ती एकाच जबाबदार माणसाकडे द्या, आणि काचेवर “ट्रायल बाकी” असं मोठ्या अक्षरांत लावा. तो माणूस “अजून नाही” म्हणाला, तर गिऱ्हाईक कितीही तापलं तरी त्याची बाजू घ्या. पहिल्यांदा त्याचं ऐकलं नाहीत, तर दुसऱ्यांदा तो बोलणारच नाही.