शंका-समाधान : जुने संगणक, जुने खेळ

प्रश्न : माळ्यावर बाबांचा फ्लॉप्यांचा डबा सापडला. एकीवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लिहिलंय, दुसरीवर त्यांचे लेख असावेत. दोन्हींवर पांढरट डाग आहेत. बाबा आता नाहीत. मुलगा म्हणतो, ड्राइव्ह मागवू आणि घालून बघू. मला तर हात लावायचीच भीती वाटते. सगळं पुसलं गेलं असेल का? – एक वाचिका, चिपळूण

उत्तर : मुलाला तूर्त थांबवा, पण आशा सोडू नका. डाग बहुधा बुरशीचे आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या फ्लॉपीचं दुसरं काय होणार! बुरशी लागली म्हणजे मजकूर गेला, असं मात्र नाही. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फिरली की हेड (मजकूर वाचणारं टोक) त्या डागांवर घासतं, चुंबकीय थर खरवडला जातो, आणि तीच घाण पुढच्या फ्लॉपीलाही लागते. खरं नुकसान तिथे होतं.

खेळाची काळजी सोडून द्या. त्याच्या प्रती जगभर आहेत. जॉर्डन मेकनरने तो १९८९ साली ॲपल टू या संगणकासाठी लिहिला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला-उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल काढली. म्हणून तो राजपुत्र कड्याला लोंबकळताना इतका खरा वाटतो. पुढे त्या खेळाचा मूळ सोर्स कोड (प्रोग्रामरने हाताने लिहिलेला मजकूर) हरवला. २०१२ साली तो मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात, साडेतीन इंची फ्लॉप्यांवर सापडला. खेळाचं संगीतही या वडिलांचंच. मेकनरने फ्लॉप्या स्वतः ड्राइव्हमध्ये घालून पाहिल्या नाहीत, जाणकारांना बोलावलं. तेवीस वर्षांनंतरही मजकूर वाचता आला.

तुमच्याकडे एकुलती एक प्रत आहे ती लेखांची. फ्लॉप्या कोरड्या जागी, एकमेकींपासून वेगळ्या ठेवा. त्या पुसू नका, उन्हात वाळवू नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्या व्यावसायिकाकडे न्या आणि बुरशी लागलेल्या फ्लॉपीचं काम त्याने पूर्वी केलंय का, हे आधी विचारा. संगणकाने 'फॉरमॅट करायची का?' असं विचारलं, तर उत्तर नेहमी 'नाही'.

प्रश्न : लहानपणी मामाकडे खेळायचो तो गाडीचा खेळ नव्या लॅपटॉपवर चालवला. गाडी दिसायच्या आतच आपटते! दुसऱ्या एका खेळाने 'रनटाइम एरर २००' दाखवलं आणि बंद पडला. लॅपटॉप बिघडला का? कर्ज काढून घेतलाय हो. – एक वाचक, नांदेड

उत्तर : लॅपटॉप धडधाकट आहे. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने चाले. त्या काळच्या कित्येक प्रोग्रामरनी हाच वेग कायमचा धरला आणि 'इतक्या वेळा रिकामी गिनती कर, मग गाडी पुढे सरकव' असं लिहून ठेवलं. यंत्र वेगवान झालं, गिनती क्षणात संपू लागली आणि गाडी उधळली. नंतरच्या संगणकांवर 'टर्बो' बटण असे. नाव वेगाचं, पण त्याचा खरा उपयोग यंत्राला जुन्या खेळांपुरतं हळू करण्यासाठीच.

'एरर २००'चं मूळही त्याच जातीचं. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले बरेच प्रोग्राम सुरू होताना यंत्राचा वेग मोजून घेत. वेगवान यंत्रावर तो आकडा ठरलेल्या जागेत मावत नाही आणि प्रोग्राम हात टेकतो. दोन्हींसाठी डॉसबॉक्स हा एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरा. कंट्रोल आणि एफ ११ एकत्र दाबलं की वेग उतरतो, एफ १२ने चढतो. गाडी रस्त्यावर येईपर्यंत दाबत राहा.

प्रश्न : हौसेने जुना पीसी विकत घेतला. 'पॅराट्रूपर'मध्ये काळा, पांढरा, आकाशी आणि गुलाबी एवढेच रंग दिसतात. फसवलं गेलो का? मॉनिटर उघडून बघू? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मॉनिटर उघडू नका, आधी हे. जुन्या रंगीत मॉनिटरच्या काचनळीत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. हे काम सीआरटी टीव्ही दुरुस्त केलेल्या तंत्रज्ञाचंच.

आणि फसवणूकही नाही. 'पॅराट्रूपर' १९८२चा. तेव्हाच्या सीजीए कार्डाची (चित्र पडद्यावर पाठवणारा भाग) स्मृती अवघी १६ किलोबाइट. ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० ठिपके. दर ठिपक्याला दोन बिट दिले की १६,००० बाइट भरतात आणि दोन बिटांत चारच रंग बसतात. कोणते चार, हेही बरंचसं कार्डच ठरवी. ही गुलाबी-आकाशी जोडी मला आजही डोळ्यांना टोचते, पण ती अस्सल आहे.

प्रश्न : जुन्या खेळांच्या फ्लॉप्यांत व्हायरस असतात म्हणे. घरातले सगळे लॅपटॉप जातील का? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : तेव्हाचे बरेच व्हायरस बूट सेक्टरमध्ये (यंत्र सुरू होताना आधी वाचला जाणारा कप्पा) बसत आणि हातोहात कॉपी होणाऱ्या फ्लॉप्यांबरोबर फिरत. १९९०मध्ये भारतात आढळलेला 'जोशी' त्यांतलाच. दर ५ जानेवारीला तो यंत्र अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केल्यावरच सोडी! संगणक त्या फ्लॉपीवरूनच सुरू केला, तरच अशा व्हायरसची लागण होई. तुमचे लॅपटॉप तसे सुरू होत नाहीत, तेव्हा त्याची धास्ती नको. अनोळखी संकेतस्थळावरून 'फुकट जुना खेळ' म्हणून उतरवलेली फाइल मात्र अँटिव्हायरसने तपासल्याशिवाय उघडू नका. ती आजची असते.