रोजच्या बुटांना कोणतं पेडल?

प्रश्न : गिअरच्या सायकलवरून ऑफिसला जातो. पायात कधी चामड्याचे बूट, कधी कॅनव्हासचे, पावसाळ्यात चपला. सायकलीबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या पेडलवरून पाय सटकतो. मित्र म्हणतो, बूट अडकवायची पेडलं घे. मला साधी सपाटच हवी आहेत. कोणती घ्यावीत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सपाटच घ्या. बूट अडकवला की पाय वर ओढतानाही जोर लागतो, असं सांगतात. पण नेहमीच्या वेगात मुरलेले सायकलपटूसुद्धा बहुतेक सगळा जोर पाय खाली दाबतानाच लावतात. अमेरिकेतले सायकल बनवणारे ग्रँट पीटरसन यांनी ‘जस्ट राइड’ (२०१२) या पुस्तकात रोजच्या बुटांची बाजू हिरिरीने मांडली आहे. दर सिग्नलला पाय टेकवावा लागणाऱ्या गावात ती पटायला वेळ लागत नाही.

दुकानात जाण्याआधी आपल्या बुटांचे तळ उलटे करून बघा. पकड तिथेच ठरते. मऊ रबरी तळ कशालाही चिकटतो. गुळगुळीत चामड्याचा तळ ओल्या पेडलवर साबणासारखा घसरतो. डोंगरात चालवायच्या पेडलांवर धातूच्या पिना असतात. त्यांच्यावरून पाय हलता हलत नाही, पण त्या चामड्याचा तळ कुरतडतात. चुकून पाय सुटला आणि पेडल गरकन फिरलं, तर नडगी सोलवटून निघते. तुम्हाला नायलॉनचं, साधारण दहा सेंटिमीटर रुंद, अंगच्याच बुटक्या उंचवट्यांचं पेडल पुरे. पिना असलेलं आवडलंच, तर त्या अ‍ॅलन कीने काढता येतात का ते बघा. मधल्या काढून कडेच्या ठेवल्या की बूटही टिकतो.

रुंदीवर मात्र तडजोड नको. पत्र्याच्या दातेरी कडांची अरुंद पेडलं दिसतात रुबाबदार, पण पातळ तळातून कड चवड्याला रुतत राहते. रुंद पेडलवर तोच भार पसरतो, म्हणून ताठ तळाच्या बुटांची गरज उरत नाही. काळ्या उंच सायकलींची रबरी ठोकळ्यांची पेडलं चपलेला चांगली, फक्त रबर झिजून गुळगुळीत झालं की पावसात दगा देतात.

चपलेचं दुखणं वेगळंच आहे. पेडल चपलेला धरतं. ओला पाय चपलेतून निसटतो त्याला पेडल काय करणार? पावसाळ्यात मागे पट्टा असलेले सँडल घाला.

घेताना आस हाताने फिरवून बघा. खरखर नको, डुगडुगही नको. मोठ्यांच्या बहुतेक गिअरच्या सायकलींना ९/१६ इंचाचे आटे असतात, लहान मुलांच्या काही सायकलींना १/२ इंचाचे. तेवढं विचारून घ्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आवळतं. आट्यांना ग्रीस लावून पहिले काही फेरे हातानेच द्या, मग पंधरा नंबरचा पातळ पान्हा लावा. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये पेडल तिरकं बसवून पान्ह्याने रेटलं तर आटे जातात, आणि पेडलच्या खर्चात क्रँकचाही खर्च येऊन बसतो.