कंबरेचा एमआरआय झाला, आता मांड्यांचा कशाला?

प्रश्न : माझी आई पन्नाशीची आहे. आम्ही ऊसतोडीला जातो. दिवाळीपासून तिला खाली बसलं की उठवत नाही, मोळी डोक्यावर घेता येत नाही. कंबरेच्या एमआरआयमध्ये गादी सरकल्याचं निघालं. आता छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून दोन्ही मांड्यांचा एमआरआय सांगितलाय. पुन्हा एवढा खर्च कशासाठी?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : हा खर्च वाया जाणार नाही, असं मला वाटतं. गादी सरकून नस दबली तर बहुधा एका पायात कळ जाते, मुंग्या येतात. पण कंबरेच्या नसेमुळे हातांचं बळ जात नाही. शिवाय सरकलेली गादी पन्नाशीच्या कितीतरी माणसांत, काही त्रास नसतानाही दिसते. आईच्या मांड्या आणि खांदे दोन्ही थकलेत. असं झालं की डॉक्टरांच्या मनात मायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह येतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते आणि रक्तातलं सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम बहुधा वाढतं. ऊसतोड करणाऱ्या बाईचं बळ गेलं की ‘कष्टानं होतं असं’ म्हणून महिनोन्‌महिने तिला गोळ्यांवर ठेवतात, याची मला फार चीड येते. तुमच्या डॉक्टरांनी तसं केलं नाही.

आता मांडीच्या चित्राचं. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपतो. ‘स्टर’ नावाच्या पद्धतीत चरबीचा संकेत दाबून टाकतात. मग निरोगी स्नायू काळसर राहतो आणि दाहामुळे जिथे पाणी साचलंय तेवढा भाग पांढरा उठून दिसतो. त्याच वेळी घेतलेल्या ‘टी-१’ चित्रात स्नायू झिजून तिथे चरबी भरली असेल तर ती पांढरी दिसते. फरक मोठा आहे. सूज स्टिरॉइडसारख्या औषधानं उतरू शकते, पण चरबी झालेला स्नायू परत येत नाही, तिथे स्टिरॉइड वाढवून उपयोग नसतो.

त्याहून मोठा उपयोग पुढचा. दाह सगळीकडे सारखा नसतो, ठिगळाठिगळानं असतो. बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या स्नायूचा, तुकडा नेमका चांगल्या जागेतून घेतला गेला तर अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि आजार तसाच राहतो. तुकडा कुठून घ्यायचा ते एमआरआय दाखवतो. दोन्ही मांड्या एकाच वेळी बघतात त्या यासाठीही.

मात्र आजाराचं नाव एकटा एमआरआय सांगू शकत नाही. अतिश्रमानं, स्नायूत घेतलेल्या इंजेक्शननं, ईएमजीच्या, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीच्या, सुईनंही तशीच सूज दिसते. स्नायुदाह ओळखण्याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये नव्यानं ठरले, त्यात कमजोरी, पुरळ, रक्तातली एन्झाइम्स आणि बायोप्सी यांना गुण आहेत, एमआरआयला नाहीत. श्रमानं आणि इंजेक्शननंही सूज दिसते, म्हणून तपासणीआधी काही दिवस तोड पूर्ण बंद ठेवा आणि नुकतंच कुठे इंजेक्शन घेतलं असेल, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा. पापण्यांवर जांभळट झाक किंवा बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे असतील तर तेही दाखवा; त्वचेसह होणाऱ्या प्रकाराची ती खूण असते.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. आत जाण्याआधी मंगळसूत्र, जोडवी, पदराची पिन, सगळं काढावं लागेल. अंगात पेसमेकर वा धातूचा तुकडा असेल तर आधीच सांगा. आवाज मोठा असतो, आईला तशी कल्पना द्या. खर्चाचं म्हणाल तर आधी छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयात चौकशी करा. आणि अहवालाच्या कागदाबरोबर सीडीही मागून घ्या, पुढचे डॉक्टर चित्र स्वतः बघतील.

घास अडकू लागला, पाणी नाकातून येऊ लागलं किंवा चार पावलांत धाप लागली, तर एमआरआयच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी आईला मोठ्या रुग्णालयात न्या.