स्वयंपाकघर, थोडी जागा आणि परसांतील पाणी

शेतकऱ्याचें घर बांधावयाचें म्हटलें म्हणजे गोठा, अवजारें, ट्रॅक्टर व धान्याची कोठी यांचा विचार प्रथम होतो. आणि तो होणें योग्यच आहे. परंतु ज्या खोलींत साऱ्या घराचें अन्न दोन वेळां शिजतें, तिचा विचार सर्वांत शेवटीं होतो, किंवा होतच नाहीं. पुढल्या बैठकीस चकचकीत फरशी, दारास नक्षी आणि स्वयंपाकास मागची अंधारी बाजू, अशी आपल्या जिल्ह्यांत सर्रास रीत आहे. ही रीत चुकीची आहे, हें दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं आम्ही स्वतःची चूक कबूल करितों. कारण आम्हींहि तेंच केलें.

महसुली कारकुनी संपवून परत आल्यावर, हातीं आलेल्या रकमेंतून आम्हीं घाटावरील आमच्या गांवीं लहानसें घर बांधिलें. भावांत वाटणी झाल्यावर गांवठाणांतील वीस फूट रुंद व पंचेचाळीस फूट लांब एवढीच जागा वाट्यास आली होती. तींतील पुढली मोठी खोली पाहुण्यांसाठीं ठेविली. स्वयंपाकास सात फूट बाय आठ फुटांची खोली उरली. तिला खिडकी नव्हती. पाण्याचें पिंप पुढल्या ओसरीवर, मोरी परसांत व लांकडें जिन्याखालीं होतीं. घरांत गॅस होता. परंतु भाकरी व अंघोळीचें पाणी चुलीवरच होत असे. आमच्या कुटुंबानें या मांडणीबद्दल कधीं तक्रार केली नाहीं, आणि तिच्या न बोलण्याचा अर्थ आम्हीं समाधान असा घेतला.

पुढें तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली व डॉक्टरांनीं कांहीं आठवडे चूल व धूर वर्ज्य सांगितला. ते आठवडे स्वयंपाक आम्हीं केला. पहिल्या दिवशीं भाकरी करपल्या, ही गोष्ट निराळी. परंतु डोळ्यांतून पाणी येऊन तवा दिसेना, तेव्हां या खोलींत आपण कोणास बसविलें होतें, हें आम्हांस प्रथमच कळलें. जन्मभर मोजणीचे कागद हाताळल्यामुळें मोजण्याची संवय होती. पिंपापासून चुलीपर्यंत एकोणीस पावलें भरलीं, आणि सकाळच्या एका स्वयंपाकांत ती वाट बावीस वेळां चालावी लागली. एकेरी हिशेबानें हीं चारशें अठरा पावलें. परतीचीं धरल्यास आठशें छत्तीस. तीं सारीं केवळ पाण्यासाठीं. त्या दिवसापासून जें पाहिलें व करून पाहिलें, तें खालीं क्रमानें देत आहों.

१. धूर व उजेड

घरांतील धूर हा दैवाचा भोग नसून बांधणीची चूक आहे. आपल्याच विदर्भांत, वर्धा येथें, १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडींत धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ तयार झाली. १९५३ सालीं हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनीं बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८३ सालीं केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. तो २००२ च्या सुमारास संपला. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें गॅस खेडोपाडीं नेला. एवढें होऊनहि चूल गेलेली नाहीं. कारण सिलिंडरास रोख पैसा लागतो आणि पऱ्हाट्या व तुराट्या शेतांत फुकट मिळतात. घरांतील धुरामुळें २०२० या एका वर्षांत जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हां चूल ठेवावयाची असेल, तर ती नीट ठेवावी.

चूल बाहेरच्या भिंतीस लागून असावी, म्हणजे धुरांड्यास वळणें पडत नाहींत. धुरांडें चार इंच व्यासाचें असावें, तें छपरावर निदान तीन फूट उंच न्यावें व तोंडावर टोपी बसवावी. टिनपत्र्यांतून काढतांना भोंवतालीं जागा सोडावी, आणि वांसा वा लांकूड त्यास लागूं देऊं नये. दोन भोकांच्या चुलींत दुसऱ्या भोकावर पाण्याचें पातेलें नेहमीं ठेवावें. तें भोक उघडें राहिलें कीं धूर तेथूनच घरांत येतो. महिन्यांतून एकदां काजळी झाडावी. सुधारित चुली निकामी ठरतात त्या बहुधा या दोन हयगयींमुळें. दोष चुलीचा नसतो.

गॅसची गोष्ट वेगळी. हा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें गळला तर जमिनीलगत सांचतो. म्हणून वरच्या झरोक्याबरोबर खालींहि, फरशीलगत, जाळीचें भोक ठेवावें. सिलिंडर उभा ठेवावा, शेगडी त्याहून उंचावर असावी, व रात्रीं रेग्युलेटर बंद करावा.

उजेडाकरितां ओट्यासमोर किंवा डाव्या हातास खिडकी ठेवावी. शेजारच्या भिंतीमुळें खिडकी शक्य नसेल, तर छपरांतील एका पत्र्याच्या जागीं पारदर्शक पत्रा घालावा. भिंतीस पांढरा चुना द्यावा. अंधाऱ्या खोलीस एवढ्या स्वस्तांत दुसरी शोभा येत नाहीं.

२. थोडी जागा

वाटण्या होत जातात तसतशीं घरें अरुंद होतात. परंतु लहान स्वयंपाकघर वाईटच असतें असें नाहीं. आठ फूट बाय दहा फुटांत पांचसहा माणसांचा स्वयंपाक सुखानें होतो. मात्र पाणी, विस्तव व सामान हीं तीन ठिकाणें एकमेकांपासून दोनतीन पावलांवर असलीं पाहिजेत. सामान काढलें, धुतलें, चिरलें व शिजविलें, या क्रमानेंच जागा लावाव्या.

उभ्यानें काम करावयाचा ओटा दोन फूट रुंद पुरतो. त्याची उंची गवंड्यास विचारूं नये. जी स्त्री तेथें उभी राहणार तिच्या कोंपरापासून चार इंच खालीं खूण करावी. बहुतेक घरीं ती एकतीस ते तेहतीस इंचांच्या आंत येते. गवंडी संवयीनें छत्तीस इंच करितो आणि मग खांदे भरून येतात. ज्या वृद्ध बायांस बसून भाकरी थापण्याची संवय आहे, त्यांच्यासाठीं चुलीजवळ खालची जागा राखावी.

भिंतींतील जुने कोनाडे व फडताळें ही आपल्या वाडवडिलांची शहाणी युक्ति होती. जाड भिंत असेल तर कोनाडा फुकट मिळतो. नसेल तर एक फूट रुंदीच्या कडाप्प्याच्या फळ्या बसवाव्या. याहून रुंद फळीवर मागचा डबा दिसत नाहीं व सामान कीड लागून फुकट जातें. रोज लागणारें सामान कंबर व डोळे यांच्या मध्यें ठेवावें. वर्षाचीं धान्यें व सणावारीं लागणारीं भांडीं वर वा दुसऱ्या खोलींत जाऊं द्यावीं. माणसें जेवावयास बसण्याची अडचण असेल, तर भिंतीस बिजागऱ्यांनीं टांगलेली फळी करावी. काम झाल्यावर ती खालीं पडते व वाट मोकळी होते. घडवंची ओट्याच्या टोंकाशीं, मोरीच्या वरच्या अंगास ठेवावी, म्हणजे सांडलेलें पाणी आपोआप मोरींत जातें.

३. छपरावरील पाणी

सिंदखेडराजाचा मोती तलाव व तेथील पुतळा बारव ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस पाणी अडविण्याचें महत्त्व सांगावयास नको. अलीकडे तलाव व नाले खोल करून निघालेली माती आणि मुरूम रस्त्यांच्या कामीं लावण्याची रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नांवानें प्रसिद्ध झाली. गांवाच्या पाण्यांत आपण पुढें आहों. स्वतःच्या छपराचें पाणी मात्र गल्लींत सोडतों.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. पन्नास चौरस मीटर, म्हणजे सुमारें साडेपांचशें चौरस फूट छपरावर वर्षांत ७०० मिलिमीटर पाऊस धरिला तर ३५,००० लिटर पाणी पडतें. पांचवा हिस्सा वायां गेला असें मानिलें तरी २८,००० लिटर हातीं राहतें. एवढें सांठविण्याची जरूर नाहीं. सहा माणसांस पिण्यास व स्वयंपाकास मिळून रोज ४८ लिटर धरावें. ५,००० लिटरचा झांकलेला हौद पावसाळ्याच्या अखेरीस भरून ठेविला व १ मार्चला उघडला, तर तो ७ जूनच्या मृगापर्यंत पुरतो. नेमके हेच दिवस टंचाईचे असतात.

घाटाखालीं शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद, नांदुरा या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत या पाण्याची किंमत अधिकच आहे. तेथील विहिरींचें खारें व जड पाणी पिववत नाहीं. शिवाय जड पाण्यांतील क्षारांमुळें तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं व सरपण किंवा गॅस अधिक जळतो. पावसाचें पाणी मऊ असतें. त्यांत डाळ लवकर शिजते. म्हणजे हौद हा पाण्याबरोबर सरपणाचीहि बचत करितो.

पहिले दोन पाऊस हौदांत घेऊं नयेत. छपराची धूळ व पक्ष्यांची घाण त्यांनीं धुऊन जाऊं द्यावी. हौदांत उजेड जाऊं देऊं नये आणि प्रत्येक तोंडास बारीक जाळी बसवावी, नाहींतर डास वाढून डेंग्यूचें भय राहतें. पिण्याचें पाणी उकळून अथवा क्लोरीन घालून घ्यावें.

४. सांडपाणी व परस

२०१८ च्या ऑक्टोबरांत राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत आपल्या जिल्ह्यांतील तालुकेहि होते. त्या वर्षीं टंचाईचे व टँकरचे कागद आमच्या टेबलावरून जात असत. दिवसभर ते कागद चालवून सायंकाळीं घरीं यावें, तों आमच्याच मोरीचें पाणी गल्लींतून वाहत असे व त्यावरून शेजाऱ्याशीं तंटा होई. ही विसंगति तेव्हां आमच्या ध्यानांत आली नाहीं, याची आज लाज वाटते.

२०१९ च्या जलजीवन मिशननें दरडोई रोज ५५ लिटर हें प्रमाण धरिलें आहे. सहा माणसांचे ३३० लिटर झाले. त्यांतील निम्मेंच मोरींत गेलें तरी रोज १६५ लिटर पाणी परसांतील झाडांस मिळूं शकतें. तें येणेंप्रमाणें न्यावें. मोरीच्या तोंडास जाळी असावी; पुढें गोटे व जाड वाळू भरलेली लहान टाकी असावी, म्हणजे खरकटें व तेलकटपणा तींत अडकतो. तेथून उथळ चरानें पाणी केळ, कर्दळ व अळू यांच्या वाफ्यांत सोडावें, आणि उरलेलें शोषखड्ड्यांत जिरवावें. कच्च्या खावयाच्या पालेभाज्यांस हें पाणी देऊं नये. खारपाण पट्ट्यांत तें एकाच जागीं सतत सोडूं नये. क्षार सांचून माती बिघडते.

शोषखड्ड्याचा उत्तम दाखला नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी गांवानें घालून दिला आहे. घरोघर खड्डे करून त्या गांवानें उघडीं गटारें व डास घालविले. खड्डा चार फूट लांब, रुंद व खोल असावा आणि दगडगोट्यांनीं भरावा. मात्र आपल्याकडील काळ्या जमिनींत एक सावधगिरी पाहिजे. काळी माती फुगली कीं पाणी जिरत नाहीं व भिंतीचा पायाहि हलतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावें, भिंतीपासून दहा फूट व विहीर किंवा बोअरपासून निदान पन्नास फूट अंतर राखावें.

परसाची शोभा हिरवळीवर नाहीं. हिरवळ पाणी पिते व फळ देत नाहीं. शेवगा, सीताफळ, कढीपत्ता, लिंबू, कोरफड व गवती चहा हीं थोड्या पाण्याचीं व घरच्या उपयोगाचीं झाडें लावावीं. बुंध्यांभोंवतीं सोयाबीनचें कुटार चार बोटें पसरावें. नव्या रोपाजवळ कच्चें, न रंगविलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें व झांकावें. पाणी पाझरून मुळांस पोंचतें व वाफ होऊन उडत नाहीं. सारें अंगण सिमेंटनें बंद करूं नये. मातीस पाणी पिण्यास कांहीं जागा मोकळी असूं द्यावी.

समारोप

आम्हीं शेवटीं पुढल्या खोलीचे चार फूट तोडून स्वयंपाकघरास दिले, छपरांत पारदर्शक पत्रा घातला, चुलीस धुरांडें केलें व घडवंची ओट्याशीं आणिली. एकोणीस पावलांचीं तीन झालीं. परसांत शेवगा छपराएवढा झाला आहे आणि गल्ली कोरडी आहे. काम पुरें झाल्यावर आमचें कुटुंब नव्या ओट्याशीं उभें राहून एवढेंच म्हणालें, “आधींच विचारलें असतंत, तर भिंत दोनदां बांधावी लागली नसती.” या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

तेव्हां वाचक बंधूंनो, घराच्या पायाची दोरी मारण्यापूर्वीं एक सायंकाळ घरांतील स्त्रियांबरोबर बसा, त्यांची उंची मोजा, त्यांचीं पावलें मोजा, आणि मग गवंड्यास बोलवा. खर्च तितकाच येतो. चूकभूल द्यावी घ्यावी.