‘ठ’च्या निमित्ताने

सी भाषेत लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांची डागडुजी करणे हाच ज्यांचा चरितार्थ आहे, त्यांच्या वाट्याला येणारे दोष बहुधा गहन नसतात. ते क्षुल्लक असतात, आणि क्षुल्लक असल्यामुळेच वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाहीत. शैक्षणिक संस्थांच्या नावांची नोंद ठेवणारा असाच एक प्रोग्राम मध्यंतरी माझ्याकडे आला. त्याविषयीची तक्रार मोठी विलक्षण होती: सगळी नावे यथास्थित छापली जात, परंतु ज्या नावाच्या अखेरीस ‘विद्यापीठ’ हा शब्द येई त्यातील शेवटचा ‘ठ’ लुप्त होऊन त्याच्या जागी एक निरर्थक चौकट उमटे, ‘महाविद्यालया’ला मात्र कसलाही उपद्रव होत नसे. फॉन्टवर, प्रिंटरवर, इतकेच काय, नावे टंकित करणाऱ्या इसमांवरही संशय घेऊन झाला होता.

तपास करता कारण निघाले ते असे. यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचे नेहमीच्या वापरातील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी लिहिले जाते, आणि ‘ठ’चे ते तीन बाइट २२४, १६४ व १६० असे आहेत. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा छाटून टाकण्याकरिता हा प्रोग्राम अखेरच्या बाइटापासून मागे मागे सरकत प्रत्येकाविषयी इझस्पेस या फंक्शनाकडे पृच्छा करीत असे. यंत्रावरील लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेश यांच्या रिवाजांची मांडणी, पश्चिम युरोपीय असल्यामुळे ते फंक्शन लॅटिन-१च्या धर्तीचा तक्ता पाही. आणि त्या तक्त्यात १६० या अंकावर ओळ न तोडणारी मोकळी जागा नेमलेली असल्याने ते इमानेइतबारे ‘होय’ असा जबाब देई. ‘य’चा शेवटचा बाइट १७५. तिथे मोकळी जागा नाही, म्हणून महाविद्यालये वाचली.

वास्तविक मूळ लेखक निष्काळजी नव्हता. सीटाइप या हेडरमधील फंक्शनांना काय विचारावे आणि काय विचारू नये याविषयी सीच्या प्रमाणग्रंथाने जो करार घालून दिला आहे, तो त्याने अक्षरशः पाळला होता. पुष्कळांना हा करार ठाऊकच नसतो, म्हणून तो आधी सांगतो. इझअल्फा, इझडिजिट, टूअपर आदी सर्व फंक्शने इंट जातीचे मूल्य घेतात, आणि ते मूल्य एक तर अनसाइन्ड कॅरमध्ये मावणारे, म्हणजे सामान्यतः ० ते २५५ यांपैकी, असावे लागते, किंवा फाइल संपल्याची खूण असलेले ईओएफ असावे लागते. याव्यतिरिक्त काहीही दिल्यास परिणाम काय होईल याची हमी कोणीच देत नाही. हे बंधन उगाच आलेले नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ही फंक्शने नव्हतीच, मॅक्रो होते. आणि वर्ग सांगणारा जवळजवळ प्रत्येक मॅक्रो एका छोट्या तक्त्यात अंकाच्या जागी जाऊन तिथली नोंद वाचून येई. दप्तरखान्यातील कारकुनाने क्रमांक ऐकताच त्या कप्प्यातील कागद काढावा, तो क्रमांक मुळात आपल्या दप्तरात आहे की नाही याची चौकशी करू नये, तसाच हा प्रकार. आजच्या बहुतेक अंमलबजावण्याही याच चालीने चालतात.

आता अडचण अशी की साधा कॅर चिन्हांकित मानायचा की अचिन्हांकित, हे प्रमाणग्रंथाने कंपायलरच्या मर्जीवर सोडले आहे. इंटेल घराण्याच्या यंत्रांवर तो सहसा चिन्हांकित असतो. लिनक्स चालवणाऱ्या एआरएम यंत्रांवर सहसा अचिन्हांकित. पहिल्या ठिकाणी ‘ठ’चा पहिला बाइट २२४ नसून उणे ३२ होतो, आणि तो तसाच फंक्शनाच्या हवाली केला की तक्त्याच्या सुरुवातीच्याही मागची स्मृती वाचली जाते. ग्लिबसी या ग्रंथालयाने दयाबुद्धीने आपला तक्ता उणे १२८ पर्यंत मागे ताणून ठेवला आहे. मायक्रोसॉफ्टच्या ग्रंथालयाची डीबग आवृत्ती मात्र अशा वेळी प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवून तक्रार नोंदवते. माझे मत विचाराल तर मला दुसऱ्याचा कठोरपणाच अधिक हितकर वाटतो, कारण पहिल्याच्या औदार्यामुळे चुकीचा प्रोग्राम वर्षानुवर्षे बरोबर उत्तरे देत राहतो आणि स्थलांतराच्या दिवशी, जेव्हा मूळ लेखक सेवानिवृत्त झालेला असतो, तेव्हा कोसळतो. एकेक बाइट वाचून देणाऱ्या गेटकॅरने दिलेले मूल्य इंटमध्ये न ठेवता कॅरमध्ये ठेवणाऱ्यांची गतही अशीच होते: कॅर चिन्हांकित असल्यास २५५ हा बाइट येताच, ईओएफ उणे १ असलेल्या प्रणालीवर, फाइल संपल्याचा भास होतो, अचिन्हांकित असल्यास फाइल कधी संपतच नाही.

उत्तराविषयीही एक खबरदारी घ्यावी. ही फंक्शने होकारार्थी ‘शून्येतर’ काहीतरी देतात, १ देतीलच असे नाही. ग्लिबसीत इझअल्फाचा होकार सहसा १०२४ असा येतो. उत्तराची १शी तुलना करणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत.

परंतु करार पाळूनही ‘ठ’ गेलाच, आणि मला खरे सांगायचे आहे ते इथे. ही फंक्शने अक्षरांविषयी बोलतात असा त्यांच्या नावांवरून ग्रह होतो. प्रत्यक्षात त्यांची अखत्यारी एका बाइटापुरती आहे, आणि तो बाइट कोणत्या तक्त्यानुसार वाचायचा हे लोकेल ठरवते. प्रोग्राम सुरू होताना लोकेल ‘सी’ हे असते, ज्यात इझअल्फा केवळ इंग्रजी वर्णमालेलाच अक्षर म्हणते. सेटलोकेल बोलावले गेले की तक्ता बदलतो, आणि ते तुम्ही न बोलावता एखाद्या उसन्या ग्रंथालयाने परस्पर बोलावलेले असू शकते.

लहान लिपीतून मोठ्या लिपीत रूपांतर करताना तर याहून मोठा अनर्थ घडतो. देवनागरीत लहान-मोठी लिपी हा भेदच नाही, तेव्हा टूअपरने तिला काय होणार, अशी आपली समजूत असते. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या नेहमीच्या सर्व चिन्हांचा पहिला बाइट २२४ आहे, आणि लॅटिन-१ मध्ये २२४ हे फ्रेंच लेखनातील, डोक्यावर तिरकी रेघ असलेले लहान ‘ए’ अक्षर आहे; टूअपर त्याचे १९२ करून देते, आणि १९२ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कधीही वैध नसल्यामुळे संपूर्ण मजकुराचा एका फटक्यात चुराडा होतो. हे निदान तात्काळ ध्यानात तरी येते. टूलोअरची करणी अधिक कपटी आहे. विंडोज-१२५२ या तक्त्यात १३८ वरील मोठ्या अक्षराचे लहान रूप १५४ वर आहे, ‘ऊ’चा शेवटचा बाइट १३८ आणि ‘च’चा १५४, बाकीचे दोन्ही बाइट समान, परिणामी ‘ऊर’चा ‘चर’ होतो, आणि दोन्ही शब्द मराठीत रूढ असल्यामुळे कोणतीही तपासणी त्यावर बोट ठेवू शकत नाही.

म्हणून जे या वाटेने जाणार आहेत त्यांनी प्रथम कामाचे दोन भाग पाडावेत. जिथे मजकूर मानवी भाषेचा नसून यंत्रा-यंत्रांतील व्यवहाराचा आहे, उदाहरणार्थ आज्ञांची नावे किंवा फाइलींची शीर्षके, तिथे लोकेलच्या अधीन असलेली फंक्शने वापरूच नयेत. आठ-बिटी तुर्की लोकेलमध्ये मोठ्या ‘आय’चे लहान रूप बिनटिंबाचे होते, आणि आज्ञा ओळखू येत नाही. अशा ठिकाणी आस्कीपुरती चार ओळींची स्वतःची फंक्शने लिहावीत. अंक ० ते ९ सलग असतात याची हमी सी देते, अक्षरांची देत नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरील एब्सिडिक संकेतात इंग्रजी वर्णमालेच्या मधोमध दोन खिंडारे आहेत. तिथे कधी जायचे नसेल तर ही गोष्ट खुशाल विसरावी.

जिथे मजकूर माणसाचा आहे, तिथे बाइटाला प्रश्न विचारणे सोडून आधी एमबीआरटीओडब्ल्यूसीने त्याचे रुंद वर्णात, म्हणजे एका बाइटाहून मोठ्या एककात, रूपांतर करावे आणि मग १९९५ च्या दुरुस्तीने आलेल्या डब्ल्यूसीटाइपमधील फंक्शने वापरावीत. तीही सर्वस्वी निर्दोष नाहीत. प्रमाणग्रंथानुसार इझडब्ल्यूडिजिट केवळ इंग्रजी अंकांनाच अंक म्हणू शकते. त्यामुळे आपल्या ७ किंवा ९ यांना सामावून घेण्यासाठी ग्लिबसीने त्यांची रवानगी अक्षरांच्या वर्गात केली आहे, आणि देवनागरीत लिहिलेला पिनकोड तिथे नावाच्या रकान्यात बिनदिक्कत स्वीकारला जातो. काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना युनिकोड अक्षर न म्हणता चिन्ह म्हणते, म्हणून ‘अक्षर नसेल ते गाळा’ अशा नियमाने नावे स्वच्छ करू पाहणाऱ्याने आपल्या प्रणालीवर त्यांची वर्गवारी स्वतः तपासावी. विंडोजवर रुंद वर्ण १६ बिटांचा असल्यामुळे २०१४ मध्ये युनिकोडात दाखल झालेल्या मोडी लिपीचे एकही अक्षर त्यात मावत नाही, ते दोन तुकड्यांत येते, आणि दोन्ही तुकडे अलग अलग विचारले असता इझडब्ल्यूअल्फाला त्यांतून काहीच बोध होत नाही. मोडी दस्तऐवजांच्या सूची करणाऱ्यांनी आयसीयू या ग्रंथालयाकडेच जावे, जिथे फंक्शनांना युनिकोडचा पूर्ण संकेतांक देता येतो.