सत्तर दिवसांची बेगमी

वैशाख सरत आला की आपल्याकडे घरोघरी गडबड उडते. कोणी पापड लाटते, कोणी कुरडया घालते. सांडगे वाळत पडतात. सरपण आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या जातात. याला आपण बेगमी म्हणतो. पुढे अडचणीचे दिवस येणार, म्हणून आधीच सोय करून ठेवायची.

काश्मीरचे लोकही अशीच बेगमी करतात. पण ती पावसासाठी नव्हे, बर्फासाठी. त्यांचा हिवाळा कसा जातो आणि वसंताची वाट ते कशी पाहतात, ते आज आपण वाचू या.

हिवाळ्याचे तीन भाग

आपले महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंच आहे. श्रीनगर त्याहून उंच, म्हणजे सुमारे 1,600 मीटरवर आहे. शिवाय ते पार उत्तरेला आहे. चारी बाजूंना बर्फाचे डोंगर. मग थंडी किती असेल!

तिथले लोक कडक हिवाळ्याचे तीन भाग करतात. 21 डिसेंबरला पहिला भाग सुरू होतो. तो चाळीस दिवसांचा. त्याचे नाव चिल्लई कलां. कलां म्हणजे मोठा. मग येतो चिल्लई खुर्द, वीस दिवसांचा. खुर्द म्हणजे लहान. हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्याकडे गावांच्या नावांत बुद्रुक आणि खुर्द असतातच की! शेवटचा भाग चिल्लई बच्चा, दहा दिवसांचा. तो मार्चच्या आरंभी संपतो. चाळीस, वीस आणि दहा मिळून झाले सत्तर दिवस.

घरातले दिवस

खेड्यातले एक घर डोळ्यांपुढे आणू. घरात आजी आहे, मुलगा आणि सून आहे, दोन नातवंडे आहेत. रात्रभर बर्फ पडला आहे. अंगण पांढरे झाले आहे. झाडांच्या फांद्या वाकल्या आहेत.

मुलगा सकाळी उठून आधी छपरावरचा बर्फ फावड्याने खाली ओढतो. बर्फ दिसायला कापसासारखा, पण साचला की फार जड होतो. त्याच्या भाराने छप्पर मोडते. मग तो दारापासून रस्त्यापर्यंत पायवाट मोकळी करतो. नळ गोठलेला असतो. पाणी गोठले की फुगते आणि नळी फुटते. म्हणून नळीला आधीच गोणपाट गुंडाळून ठेवतात.

सून चहा करते. हा चहा गोड नसतो. त्यात मीठ आणि सोडा घालतात. त्याचा रंग गुलाबी होतो. बेकरीवाल्याची ताजी रोटी आणि हा खारा चहा, अशी सर्वांची न्याहारी होते.

दुपारी भात आणि भाजी. बर्फात भाजी कुठून आली? उन्हाळ्यात वांगी, दुधी भोपळा, टोमॅटो आणि सलगम चिरून वाळवलेले असतात. कुणी त्यांच्या माळा करून टांगतात. वांग्याला तिकडे वांगुन म्हणतात. वाळवलेल्या भाजीला होख स्युन म्हणतात. आजी रोज माळांकडे पाहते आणि मनाशी हिशेब करते. माळा किती उरल्या? कोळशाची पोती किती उरली? आणि दिवस किती उरले?

नातू विचारतो, "आजी, अजून किती दिवस गं?"

आजी म्हणते, "मोठा गेला, लहान चालू आहे. आता बच्चा तेवढा राहिला. बच्चा काय, रडून जाईल!"

आता रस्ते सुधारले आहेत. 6 जून 2025 रोजी कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली. पण बर्फाने रस्ता अडला की माल अडतो. म्हणून शहाणी बाई माळा करायचे सोडत नाही.

कांगडीची ऊब आणि धोका

घरातली माणसे फेरन घालतात. फेरन म्हणजे लोकरीचा लांब, सैल झगा. त्याच्या आत कांगडी धरतात. कांगडी म्हणजे मातीचे भांडे आणि त्याभोवती झाडाच्या काड्यांची विणलेली टोपली. भांड्यात कोळशाचे निखारे ठेवून वर राख पसरतात. राखेमुळे निखारा हळूहळू जळतो आणि ऊब बराच वेळ टिकते.

पण ही ऊब घातकही होऊ शकते. कांगडी कलंडली तर अंग भाजते. वर्षानुवर्षे एकाच जागी चटका बसत राहिला तर कातडीचा कॅन्सर होतो, हे डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. तिसरा धोका सर्वांत वाईट, कारण तो दिसत नाही. कोळसा जळताना एक विषारी वायू निघतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. खोली बंद असली की तो साचतो. आधी डोके दुखते, मग भोवळ येते, मळमळते. झोपलेला माणूस मग उठतच नाही.

हे आम्ही नुसते पुस्तकातून सांगत नाही. आम्ही रात्रीचे वर्ग घेत होतो तेव्हाची गोष्ट. पौषातली थंडी होती. आम्ही दारे-खिडक्या लावून घेतल्या आणि मध्ये शेगडी ठेवली. तासाभरात दोघांना भोवळ आली. एक जण उठायला गेला तो खालीच पडला. आम्ही दार उघडले, सर्वांना बाहेर अंगणात आणले. दैव चांगले म्हणून सारे वाचले. चूक आमचीच होती. मास्तर असून आम्हाला ठाऊक नव्हते.

म्हणून नीट लक्षात ठेवा. बंद खोलीत शेगडी पेटवू नका. खिडकी थोडी उघडी ठेवा. झोपण्यापूर्वी निखारे बाहेर काढा. डोके दुखू लागले तर ताबडतोब उघड्या हवेत या आणि डॉक्टरांकडे जा.

बर्फात शिकणे

शेतात काम नाही, मग दिवसभर ही माणसे करतात काय? हात चालूच असतात. कुणी टोपल्या विणतात, कुणी चरख्यावर लोकर कातते, कुणी मागावर गालिचा विणते.

गालिचाची गंमत ऐका. त्याची नक्षी कागदाच्या पट्ट्यांवर खुणांनी लिहिलेली असते. कोणत्या रंगाच्या किती गाठी मारायच्या, ते त्या खुणा सांगतात. या लिहिण्याला तालीम म्हणतात. आपल्याकडे तालीम म्हणजे आखाडा. मूळ अर्थ मात्र शिक्षण असा आहे. एक जण तालीम वाचतो आणि विणणारे त्याप्रमाणे गाठी मारतात. वाचणारा चुकला की फूल वाकडे उमटते. पाहा, वाचता येण्याला केवढी किंमत आहे!

बर्फ नको की हवा?

एवढा त्रास, तर बर्फ पडूच नये असे त्यांना वाटत असेल का? मुळीच नाही. पावसाळी ढग पीर पंजालच्या डोंगरांना अडतात. खोऱ्यात मोसमी पाऊस थोडाच पोहोचतो. डोंगरावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळतो. तेच पाणी ओढ्यांतून भाताच्या शेतात येते. चिल्लई कलांमधला बर्फ कडक थंडीने घट्ट बसतो आणि सावकाश वितळतो. उशिरा पडलेला बर्फ लवकर वाहून जातो.

2024 च्या जानेवारीत फार थोडा बर्फ पडला. गुलमर्गची प्रसिद्ध कुरणे बर्फावाचून उघडी पडली. तेव्हा शेतकरी आणि बागवान काळजीत पडले. बर्फ म्हणजे डोंगरावर केलेली पाण्याची बेगमीच आहे. ती माणसाने नव्हे, निसर्गाने केलेली.

वसंत आला

मार्चमध्ये छपरावरून पाणी ठिबकू लागते. अंगणात चिखल होतो. पोरे शाळेत जाऊ लागतात. बदामाची झाडे पाने फुटण्याआधीच फुलतात. श्रीनगरची बदामवाडी पाहायला माणसे लोटतात. आजी उरलेली माळ खाली काढते. चार वांगी उरली आहेत. ती हसते. हिशेब जुळला!

आपला गुढीपाडवा असतो त्याच दिवशी काश्मिरी पंडितांचा नवरेह असतो. 1990 च्या सुमारास त्यांतल्या बहुतेक कुटुंबांना खोरे सोडावे लागले. पण आज ती जिथे असतील तिथे हा सण पाळतात. आदल्या रात्री थाळी मांडतात. तिच्यात तांदूळ, दही, मीठ, अक्रोड, फुले, आरसा आणि नवे पंचांग ठेवतात. लेखणी आणि दौतही ठेवतात. सकाळी डोळे उघडताच आधी ती थाळी पाहतात. म्हणजे वर्षाच्या पहिल्या दर्शनात अन्न आहे आणि अक्षरही आहे.

वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. आधी साठवावे, जपून खर्चावे, आणि मिळालेल्या वेळात काही शिकावे. मग कठीण दिवसही सरतात. तुम्ही दिवसभराच्या कामानंतर दिव्याशी बसून हा धडा वाचलात, तीही एक बेगमीच आहे.

सांगा पाहू

1. चिल्ल्याचे तीन भाग कोणते? प्रत्येकाचे दिवस किती?
2. बंद खोलीत शेगडी का ठेवू नये? घरातल्या लहानमोठ्यांना हे समजावून सांगा.
3. बर्फ पडला नाही तर काश्मीरच्या शेतकऱ्याला काळजी का वाटते?
4. तुमच्या घरी पावसाळ्यासाठी काय काय साठवतात? त्याची यादी स्वतःच्या हाताने लिहा.